बागेतली गोगलगाय: शोधायची कशी, फोटो काढायचा कसा

मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे बारीकसारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढणं, शिकायची तर गोगलगायीपासून सुरुवात करा, ती काही उडून जात नाही, असा सल्ला नवशिक्यांना सर्रास मिळतो. ऐकायला पटतोही. पण बागेतली मध्यम आकाराची गोगलगाय सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. नुसत्या डोळ्यांना हे काहीच वाटत नाही. आता मॅक्रो लेन्स १:१ वर नेऊन बघा, म्हणजे वस्तू सेन्सरवर जेवढ्यास तेवढी उमटेल. २४ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरची अख्खी चौकट ती २४ सेकंदांत पार करते. शटर १/६० सेकंदावर असेल तर तेवढ्यात तिची प्रतिमा सेन्सरवर चारेक पिक्सेल घसरलेली असते आणि शिंगाच्या टोकावरचा डोळा पुसट येतो. आपण म्हणतो, हात हलला. बहुतेक वेळा गोगलगाय हललेली असते.

त्यामुळे तिच्या मागे कॅमेरा घेऊन फिरण्यात अर्थ नाही. ती आता कुठे जाणार हे ओळखायचं, तिच्या वाटेवर पुढे जाऊन कॅमेरा लावायचा आणि तिला चौकटीत येऊ द्यायचं. पुढे जे काही लिहिलं आहे ते या एका गोष्टीच्या तयारीसाठी आहे.

कधी आणि कुठे शोधायची

गोगलगायीचं सगळं वेळापत्रक ओलाव्यावर चालतं. चालताना ती पायाखाली सतत चिकट स्राव सोडते आणि त्यात तिच्या अंगातलं पाणी खर्च होतं. ऊन आणि कोरडा वारा म्हणजे तिच्यासाठी घरात बसायचा दिवस. पाऊस पडून गेल्यावरचे एक-दोन तास, दव असलेली पहाट आणि अंधार पडल्यानंतरचा पहिला प्रहर या तीन वेळा सोडून बागेत फिरलात तर रिकामे शंखच जास्त सापडतील. पाऊस नसेल तर संध्याकाळी झाडांना पाणी घालून ठेवा आणि तासाभराने टॉर्च घेऊन जा.

आधी खुणा शोधा, गोगलगाय आपोआप सापडते. सकाळचं तिरपं ऊन फरशीवर किंवा भिंतीवर येतं तेव्हा रात्रीच्या वाळलेल्या वाटा चंदेरी चमकतात. डोकं खाली नेऊन उजेडाच्या दिशेने बघा, उभ्याने दिसणार नाहीत. पानांना वेडीवाकडी भोकं आणि जवळच काळपट, दोऱ्यासारखी विष्ठा असेल तर ती रात्री तिथे जेवून गेली आहे. शेवाळलेल्या कुंडीवर किंवा काचेवर नागमोडी खरवडल्याच्या खुणा दिसतात, त्या तिच्या जिभेच्या. या जिभेवर हजारो सूक्ष्म दातांची पट्टी असते आणि प्रत्येक घासाला ती शेवाळाचा एकेक पट्टा काढत जाते. या नक्षीचा फोटो स्वतःच सुंदर येतो. गोगलगाय न सापडलेल्या दिवशी मी तोच काढतो.

दिवसा ती कुंडीच्या खाली किंवा मागे, विटांच्या फटीत, पडलेल्या फळीखाली, केळी-कर्दळीसारख्या रुंद पानांच्या बेचक्यात, भिंतीच्या सावलीच्या बाजूला चिकटून बसलेली असते. जागा लक्षात ठेवा. बऱ्याच गोगलगायी रात्रभर चरून पुन्हा त्याच आडोशाला परत येतात. म्हणजे आज संध्याकाळी कुंडीमागे दिसलेली गोगलगाय उद्या संध्याकाळी त्याच कुंडीमागून निघण्याची शक्यता चांगली असते, आणि तुम्हाला उजेड-कॅमेरा आधीच लावून ठेवता येतो.

कुंडी किंवा फळी उलटताना मात्र घाई नको. गोगलगायीला आवडणारी दमट, अंधारी जागा विंचू, गोम आणि सापालाही आवडते. फळीची कड काठीने आपल्यापासून दूरच्या बाजूने उचला, म्हणजे आत जे असेल त्याचं तोंड तुमच्याकडे येणार नाही. बघून झालं की फळी जशी होती तशी परत ठेवा.

हात लावण्याआधी

शक्यतो लावूच नका. कारणं दोन आहेत, एक तुमच्या बाजूचं आणि एक तिच्या.

उंदरांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत राहणारा अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस नावाचा एक जंत आहे. त्याच्या अळ्या गोगलगायींच्या अंगात वाढतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मोठी आफ्रिकन गोगलगाय या जंताची ओळखीची वाहक आहे, पण बागेतल्या इतर जातींतही तो असू शकतो. म्हणून हातमोजे घाला, काम झालं की साबणाने हात धुवा आणि तोवर तोंडाला, डोळ्यांना हात नेऊ नका. लहान मुलं सोबत असतील तर हे त्यांना आधी सांगा, नंतर नाही. बागेत गोगलगायनाशक गोळ्या टाकलेल्या असतील तर तिथल्या गोगलगायींचे फोटो काढत बसू नका. त्या आजारी असतात आणि मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्या कुत्र्यांनाही घातक असतात.

तिच्या बाजूचं कारण असं की शंख हे तिचं अंगावर घातलेलं वेगळं कवच नसतं. ती आतून स्नायूने शंखाच्या मधल्या दांड्याला जोडलेली असते. भिंतीला चिकटलेली गोगलगाय शंख धरून ओढली तर शंखाच्या कडेशी असलेली मऊ त्वचा फाटू शकते. हलवायचीच असेल तर तिच्या तोंडासमोर ओलं पान टेका, तिला त्यावर चढू द्या आणि पान उचला. फोटो झाल्यावर जिथून आणली तिथेच सोडा. बागेच्या दुसऱ्या टोकाला नको आणि दुसऱ्या बागेत तर मुळीच नको. टोकदार, उंच शंखाची मोठी आफ्रिकन गोगलगाय जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत आहे. तिचा शंख सहसा ५ ते १० सेंटिमीटरचा असतो आणि २० सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे. ती एका खेपेला शंभराहून जास्त अंडी घालू शकते. तिचे फोटो हवे तेवढे काढा, पण हौसेने उचलून नवीन ठिकाणी नेऊ नका.

आधी दहा मिनिटं नुसतं बघा

कॅमेरा बाजूला ठेवून हे करायला कुणाला आवडत नाही, पण खरा फरक इथेच पडतो.

आत गेलेली गोगलगाय बाहेर येताना बघा. शंखाच्या तोंडाशी आधी पायाची ओली कड दिसते, मग डोक्याचा गोळा पुढे येतो. खालच्या दोन आखूड शिंगांची टोकं जमीन चाचपू लागतात. ती वास आणि स्पर्शाची. वरची दोन लांब शिंगं सगळ्यांत शेवटी उघडतात आणि मोजा उलट करून आत गेलेला असावा आणि कुणीतरी तो आतून सरळ करत न्यावा, तशी ती मुळाकडून टोकाकडे बाहेर येतात. उजेड मागून असेल तर शिंगाच्या आतून वर सरकत जाणारा काळा ठिपका स्पष्ट दिसतो. तोच डोळा. तो टोकाला पोचला की शिंग पूर्ण उघडलं. हे सगळं अर्ध्या-एक मिनिटात होतं. उघडण्याच्या अध्येमध्ये, एक शिंग आखूड आणि एक लांब असताना, जो फोटो मिळतो तो पूर्ण उघडलेल्या शिंगांपेक्षा मला नेहमी जास्त जिवंत वाटतो.

या डोळ्यांना उजेड-अंधार आणि ढोबळ आकार यापलीकडे फारसं दिसत नाही. ऐकू तर तिला येतच नाही, तेव्हा शटरच्या आवाजाची काळजी सोडा. तिला कळतो तो धक्का. पानाला लागलेलं कोपर, कुंडीवर टेकवलेला कॅमेरा, अचानक अंगावर आलेली सावली. शिंगं एकदम आत गेली तर मागे सरू नका, पुढेही जाऊ नका, आहे तिथे थांबा. थोड्या वेळाने ती परत येतात. पुन्हापुन्हा दचकवलं तर मात्र ती अख्खी आत जाते आणि मग तुमची संध्याकाळ गेली.

आता तिच्या दिशेबद्दल. दांड्यावर किंवा भिंतीवर चढू लागलेली गोगलगाय सहसा चढतच राहते. सपाट जागेवर ती कडेकडेने जाते. दुसऱ्या गोगलगायीची ओली वाट लागली तर अनेकदा तीच धरते. आणि दांड्याच्या किंवा पानाच्या टोकाला पोचली की थांबते, अंग ताणून पुढचा भाग हवेत उचलते आणि डावी-उजवीकडे चाचपते. आधाराचा शोध चाललेला असतो. पूर्ण ताणलेली मान, चारही शिंगं उघडी, मागे मोकळी हवा. बागेत गोगलगायीचा सगळ्यांत चांगला फोटो या क्षणी मिळतो आणि तो आधीपासून कळतो. ती दांड्याच्या मध्यावर असतानाच टोकाशी कॅमेरा लावून बसा.

अजून एक जागा बघून ठेवा. शंखाच्या तोंडाच्या कडेखाली, बहुतेक गोगलगायींत उजव्या अंगाला, एक भोक थोड्या-थोड्या वेळाने उघडतं आणि मिटतं. ते श्वासाचं छिद्र. ते फोटोत हवं असेल तर तिच्या उजव्या बाजूने काढावं लागेल. डावी बाजू कितीही छान उजेडात असली तरी तिकडे ते सापडणार नाही.

मोबाईलने काढताना

मोबाईलला उगाच कमी लेखू नका. त्याचा सेन्सर लहान, त्यामुळे फोकसमध्ये राहणारा थर मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा जाड मिळतो आणि अख्खी गोगलगाय धारदार येणं सोपं जातं.

अडचण मॅक्रो मोडची आहे. पुष्कळ मोबाईलमध्ये हा मोड अल्ट्रावाइड लेन्सने चालतो. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जवळ जावं लागतं, मोबाईलची सावली गोगलगायीवर पडते, जवळच्या शिंगाचा आकार बेढब मोठा होतो आणि मागची सगळी बाग चौकटीत घुसते. तुमच्या मोबाईलला २ पट किंवा ३ पट टेलिफोटो लेन्स असेल तर आपोआप मॅक्रोवर जाणं बंद करा, थोडं लांब राहून टेलिने काढा आणि नंतर कातरा. मागचा भाग निवळतो आणि तिला तुमची चाहूलही कमी लागते. टेलि नसेल तर क्लिपने लावायचं मॅक्रो भिंग घ्या, पण भिंग मोबाईलच्या मुख्य लेन्सवर बरोबर मध्ये बसलंय का ते तपासा. जरा सरकलं तरी एक कोपरा धुरकट येतो.

मग असं करा. मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली, जमिनीलगत येईल. गोगलगायीच्या डोळ्यांच्या पातळीला जायचा इतका सोपा दुसरा मार्ग नाही. स्क्रीनवर जवळच्या शिंगाच्या टोकावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. एक्स्पोजरची पट्टी थोडी खाली ओढा, कारण ओल्या अंगावरची चमक लगेच पांढरीफट्ट होते आणि मग कुठल्याही ॲपने ती परत आणता येत नाही. लॉक केल्यावर गोगलगाय पुढे सरकली तर पुन्हा बोट दाबण्याऐवजी मोबाईल तेवढाच मागे घ्या. शटर बर्स्टवर, म्हणजे एका दाबात सलग अनेक फोटो निघतील असं, ठेवा.

कॅमेरा आणि लेन्स

मॅक्रो लेन्स असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची चांगली. ५०-६० मिलिमीटरच्या मॅक्रोने फार जवळ जावं लागतं. मॅक्रो लेन्स नसेल तर लगेच विकत घ्यायची गरज नाही. असलेल्या झूम लेन्सवर क्लोजअप भिंग लावा. ८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) भिंग, उदाहरणार्थ रेनॉक्स डीसीआर-२५०, १३५ मिलिमीटर फोकल लांबीच्या लेन्सवर बसवून फोकस अनंतावर ठेवला तर जवळपास १:१ मोठेपणा मिळतो आणि भिंगापासून गोगलगायीपर्यंत साडेबारा सेंटिमीटरचं अंतर राहतं. तेवढं पुरतं. एक्स्टेन्शन ट्यूबही (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायच्या पोकळ कड्या) चालतात, पण त्यांनी उजेड कमी होतो.

सेटिंग गोगलगायीच्या कुठल्या फोटोसाठी आहे यावर ठरतं. तीन-साडेतीन सेंटिमीटरची अख्खी गोगलगाय चौकटीत हवी असेल तर १:१ ची गरजच नाही, अर्धा मोठेपणा पुरे. २४ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक; एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) एफ/११ ला असताना तेव्हा सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा थर फोकसमध्ये येतो. फक्त डोकं हवं म्हणून १:१ वर गेलात तर एफ/८ ला तो थर एक मिलिमीटरहूनही कमी उरतो. म्हणजे एक डोळा फोकसमध्ये, दुसरा बाहेर. यावर उपाय म्हणून ॲपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करायचा मोह होतो. करू नका. जवळच्या अंतरावर ॲपर्चर प्रत्यक्षात आकड्यापेक्षा अरुंद वागतं, १:१ ला एफ/११ म्हणजे जवळजवळ एफ/२२, आणि मग विवर्तनाने, म्हणजे अरुंद भोकातून उजेड पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडतो. त्यापेक्षा कॅमेऱ्याचा कोन बदला. दोन्ही डोळे आणि तुमचा सेन्सर एकमेकांना समांतर येतील अशी जागा शोधा. समोरून काढताना हे सहज जमतं, तिरक्या कोनातून नाही.

शटर स्पीड अर्ध्या मोठेपणाला किमान १/१२५ आणि १:१ ला किमान १/२५०. शिंगं अंगापेक्षा जलद हलतात, म्हणून जमलं तर याच्या दुप्पट. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करावा लागला तर बिनधास्त करा. थोडी रवाळ प्रतिमा सुधारता येते, हललेली येत नाही.

फोकस मॅन्युअल ठेवा. जेवढा मोठेपणा हवा तो आधी ठरवा, मग रिंगला हात लावू नका आणि स्वतः केसभर पुढे-मागे होत जवळच्या डोळ्यावर फोकस येऊ द्या. तीन-चार फोटोंचा बर्स्ट घ्या. ऑटोफोकसला ओली चमक आणि शंखावरच्या रेघा जास्त आवडतात, तो शिंग सोडून तिकडे धावतो. कॅमेरा टेकवायला ट्रायपॉड नको, एवढ्या खाली तो अडचणच करतो. धान्य भरलेली छोटी पिशवी जमिनीवर टाका आणि तिच्यावर कॅमेरा दाबून बसवा. कॅमेरा पिशवीवर जरा कमी-जास्त दाबला की फोकसचा बारीक फेरफार होतो.

एकापाठोपाठ एक वेगळ्या फोकसचे फोटो जोडायचं तंत्र, म्हणजे फोकस स्टॅकिंग, चालत्या गोगलगायीवर वापरू नका. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत ती दोन-तीन मिलिमीटर पुढे गेलेली असते आणि जोडलेल्या फोटोत तिला चार डोळे येतात. ते तंत्र झोपलेल्या गोगलगायीसाठी राखून ठेवा.

उजेड

ढगाळ दिवस असेल तर वेगळं काही करायला नको. ऊन असेल तर ते अडवा. पांढरा पातळ कापडी तुकडा किंवा ट्रेसिंग पेपर गोगलगायीच्या वर धरला की शंखाचे रंग एकदम भरून येतात.

फ्लॅश वापरायचा तर उघडा कधीही नको. ओल्या अंगावर प्रत्येक सुरकुतीला एक पांढरा ठिपका उमटतो आणि गोगलगाय प्लास्टिकची वाटते. फ्लॅशसमोर पांढरा कागद किंवा कापड शक्य तेवढं मोठं आणि गोगलगायीच्या शक्य तेवढं जवळ आणा. चमक तेव्हाही राहते, पण तिला मऊ, रुंद कडा येतात आणि कातडीचा पोत दिसतो. फ्लॅशचा एक मोठा फायदा आहे. कमी ताकदीवर त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे सुरुवातीला सांगितलेला हलण्याचा सगळा प्रश्न निकालात निघतो. काही गोगलगायी पहिल्या झोताला शिंगं ओढून घेतात, बऱ्याचशा ढुंकूनही बघत नाहीत.

पोलरायझर हा लेन्ससमोरचा फिल्टर फिरवून चमक बरीच घालवता येते. मी घालवत नाही. कोरडी दिसणारी गोगलगाय आजारी वाटते. शिवाय त्यात दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड जातो, तो परवडत नाही.

मागून येणारा उजेड मात्र जरूर वापरून बघा. सूर्य मावळतीला असताना गोगलगाय तुमच्या आणि सूर्याच्या मधे येऊ द्या. शिंगं पारदर्शक होतात आणि डोळ्यांना ओढून घेणारा स्नायू आत दोऱ्यासारखा दिसतो. अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांचा शंख इतका पातळ असतो की मागून उजेड आल्यावर आत धडधडणारं हृदय दिसतं. हे फोटोपेक्षा व्हिडिओत छान येतं.

काचेखालून

गोगलगाय नि पोटात पाय असं आपण म्हणतो, पण तो पाय चालताना कसा दिसतो हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. त्यासाठी फोटोफ्रेममधली साधी काच पुरते. कडा धारदार असतील तर त्यांना टेप लावा. काच स्वच्छ धुवा, साबणाचा अंश राहू देऊ नका आणि पाणी शिंपडून ओली करा. दोन कुंड्यांवर काच आडवी ठेवा, पानावरची गोगलगाय पानासकट काचेवर टेकवा आणि तिला स्वतः उतरू द्या. आता खालून बघा. पायाच्या तळव्यावर गडद आडव्या पट्ट्या शेपटीकडून डोक्याकडे सरकत जाताना दिसतील. या स्नायूंच्या लाटा. गंमत म्हणजे लाटा गोगलगायीपेक्षा बऱ्याच वेगाने पुढे जातात.

कॅमेरा काचेला काटकोनात धरा. तिरका धरला तर पाय अर्धाच फोकसमध्ये येतो आणि तुमचं स्वतःचं प्रतिबिंबही काचेत उतरतं. उजेड वरून नको, बाजूने द्या. काचेवर काकडीची अगदी पातळ चकती तिच्या वाटेत ठेवली तर कडेशी तिचं तोंड उघडून जीभ बाहेर येताना आणि खरवडताना खालून स्पष्ट टिपता येते. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटपा, काच कोरडी पडू लागली की पुन्हा ओली करा आणि मग तिला परत सोडा.

रात्री, जोडी आणि अंडी

रात्री गोगलगाय शोधायला मंद टॉर्च घ्या. जोरदार झोत अचानक अंगावर टाकू नका, बाजूने जवळ आणा. दुसरा कुणी सोबत असेल तर टॉर्च त्याच्या हातात द्या. बाजूच्या उजेडाने एकट्या शंखाच्या रेघा जितक्या उठून दिसतात तितक्या दिवसा कधीच दिसत नाहीत.

दोन गोगलगायी तोंडाला तोंड लावून, उजव्या बाजूंनी एकमेकींना चिकटून दिसल्या तर ते मीलन आहे. बहुतेक जमिनीवरच्या गोगलगायी उभयलिंगी असतात, म्हणजे एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही. काही जाती या वेळी जोडीदाराच्या अंगात चुनखडीचा काही मिलिमीटर लांबीचा बाण खुपसतात, तो कधीकधी बाहेर लोंबताना दिसतो. हा प्रकार काही तास चालतो. तुम्हाला वेळच वेळ आहे, त्यामुळे जवळ घुसू नका. लांबून, टेलिने, मधूनमधून काढा.

डोकं मातीत खुपसून तासन् तास न हलणारी गोगलगाय मेलेली नसते, ती अंडी घालत असू शकते. अंडी पांढरट, गोल, मातीत दोन-चार सेंटिमीटर खाली झुबक्याने असतात. चुकून उघडी पडली तर एक-दोन फोटो घेऊन लगेच माती परत सारखी करा. ती वाळली की संपली.

अंधारात गोगलगायीच्या शंखावर चढलेला, शेपटीशी मंद हिरवट उजेड असलेला चपटा किडा दिसला तर कॅमेरा सोडू नका. ती काजव्याची अळी असणार. काजव्यांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात.

झोपलेली गोगलगाय

कोरड्या दिवसांत गोगलगाय शंखाच्या तोंडावर कागदासारखा पातळ पडदा तयार करते आणि भिंतीला किंवा फांदीला चिकटून महिनोन्‌महिने थांबते. पाण्याचे थेंब टाकून तिला उठवणारे फोटोग्राफर मी पाहिले आहेत. उठण्यात तिचं साठवलेलं पाणी खर्च होतं आणि बाहेर खायला काही नसतं, तेव्हा हे करू नये. तसाही तिचा फोटो स्टॅकिंगसाठी उत्तम विषय आहे. ट्रायपॉड लावा, एफ/५.६ किंवा एफ/८ ला वीस-तीस फोटो घ्या आणि शंखाच्या वाढीच्या बारीक रेघा टोकापासून कडेपर्यंत धारदार मिळवा.

नंतरचं काम

कॅमेऱ्यावर चिकट स्राव लागला असेल तर तो वाळायच्या आत ओल्या कापडाने पुसा. वाळल्यावर तो लेन्सच्या रिंगेत जाऊन बसतो आणि निघता निघत नाही.

जात ओळखायची असेल तर एक सुंदर फोटो पुरत नाही. शंख वरून, बाजूने आणि तोंडाच्या बाजूने असे तीन फोटो हवेत. तळाशी मधोमध बारीक भोक आहे की नाही, तोंडाची कड जाड आणि मुडपलेली आहे की धारदार, वेढे किती आहेत, हे त्यांतून कळलं पाहिजे. तोंड बंद करायला टणक झाकण असेल तर तेही टिपा, जमिनीवरच्या थोड्याच गोगलगायींना ते असतं. एका फोटोत शंखाशेजारी मोजपट्टी ठेवा. हे सगळे फोटो आयनॅचरलिस्ट या जीवजातींच्या नोंदी करायच्या संकेतस्थळावर एकाच नोंदीत टाका, वेगवेगळ्या नोंदी केल्या तर ओळख पटवणाऱ्याला अर्धवट माहिती मिळते. अगदी लहान पिल्लांची जात फोटोवरून ठरवायचा आग्रह धरू नका.

एडिटिंगमध्ये कातरताना तिच्या तोंडापुढे जागा ठेवा, शार्पनिंग कमीच करा आणि एक गोष्ट कधीही करू नका: फोटो आडवा, म्हणजे आरशातल्यासारखा डावा-उजवा, उलटवू नका. बहुतेक गोगलगायींचा शंख उजवा असतो. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की तोंड उजवीकडे येतं. डावा शंख सहसा उजव्या जातींत इतका दुर्मीळ की २०१६ मध्ये सापडलेल्या एका डाव्या बागगोगलगायीसाठी नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जगभर जाहीरपणे डावा जोडीदार शोधला. तिचं नाव जेरेमी ठेवलं होतं. काही मोबाईलचा सेल्फी कॅमेरा फोटो आपोआप उलटवतो आणि फोटो सजवणारी ॲप्सही कधीकधी न विचारता उलटवतात. तेव्हा तुमच्या फोटोत डावा शंख दिसला तर आधी मूळ फाईल उघडून बघा. मूळ फाईलमध्येही तो डावाच असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच कुंडीमागे जाऊन मोजपट्टीसह तिन्ही बाजूंचे फोटो नीट काढा. काही जाती मुळातच डाव्या असतात, ते जात ठरल्यावरच कळेल.